साखरस्फटिकांचे सूक्ष्मदर्शी चित्रण

पाकात साखरेचा स्फटिक कसा धरतो आणि कोणत्या अंगाने किती वाढतो, हे सूक्ष्मदर्शीतून ठरावीक वेळाने छायाचित्रे घेऊन तपासण्याची पद्धत. साधा सूक्ष्मदर्शी, काचपट्टी आणि नेत्रिकेवर धरलेला मोबाइल एवढ्यावर ती जमते. त्यामुळे ठाणे, नवी मुंबईतल्या कोणत्याही शाळा-महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ती करता येते आणि करावीच.

२०° से. तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. गरम पाण्यात त्याहून जास्त विरघळवून पाक निववला की तो अतिसंतृप्त होतो, म्हणजे मावेल त्याहून जास्त साखर धरून राहतो. ही अतिसंतृप्तता बेताची असेल तर आधीचे स्फटिक वाढतात, नवे धरत नाहीत. अभ्यासाला हीच अवस्था हवी; म्हणून काचपट्टीवरच्या पाकाच्या थेंबात खडीसाखरेच्या पुडीचा एखादा कण बीज म्हणून सोडतात. पाक फार दाट झाला तर सगळीकडे बारीक कणांची गर्दी होते आणि मोजण्यासारखे काही उरत नाही.

बीजाच्या तुटक्या कडा आधी भरून येतात, मग सपाट पैलू उमटतात. सुक्रोजचा, म्हणजे आपल्या साखरेचा, स्फटिक एकनताक्ष (तीनपैकी एक अक्ष तिरका असलेला) असून त्याच्या एका अक्षाची दोन टोके रचनेने वेगळी असतात, म्हणून एक टोक दुसऱ्यापेक्षा भरभर पुढे सरकते. घाईने वाढलेल्या स्फटिकात पाकाचे सूक्ष्म थेंब अडकतात. काळसर काठाच्या ठिपक्यांवरून ते ओळखू येतात. एकाच थेंबात शेजारी असलेले, सारख्याच आकाराचे दोन स्फटिकही वेगवेगळ्या गतीने वाढतात, हे या अभ्यासातले सर्वांत विलक्षण निरीक्षण. एकाच दिशेची प्रकाशकंपने सोडणाऱ्या आडव्या-उभ्या पोलरॉइड पट्ट्यांमध्ये काचपट्टी ठेवली की पार्श्वभूमी काळी होते आणि स्फटिक जाडीनुसार रंगीत उजळतात. मापनासाठी १ मिमी.चे १०० भाग केलेली मोजपट्टी आधी त्याच भिंगातून टिपून घेतात.

खाडीकाठच्या हवेत एक अडचण ठरलेली. संतृप्त पाकाचा समतोल सुमारे ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेशी असतो. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात हवा अनेकदा याहून दमट असते. अशा वेळी उघडा थेंब सुकण्याऐवजी पाणी ओढून घेतो आणि बीजच विरघळते. आच्छादन-काचेच्या कडा व्हॅसलिनने बंद करणे किंवा काचपट्टी सिलिका जेलच्या डब्यात ठेवणे हे उपाय. डब्यात थेंब सुकतो, म्हणून त्यात स्फटिक कडेकडून धरू लागतात. वाढ निव्वळ थंडाव्याने होऊ द्यायची असेल तर कडा बंद करणेच बरे.

पाक साखरू नये म्हणून घरोघर लिंबू पिळतात, त्याचे कारणही येथे दिसते. आम्ल आणि उष्णतेने सुक्रोजचा काही भाग ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत फुटतो आणि वाढ मंदावते. बीटच्या रसातील रॅफिनोज ही वेगळी शर्करा मात्र स्फटिक सुईसारखा लांबट करतो. साखर कारखान्यातही कढईतला नमुना काचेवर घेऊन दाणा तपासतात. वाशीच्या बाजारात एस-३० आणि एम-३० या नावांनी विकल्या जाणाऱ्या साखरेतला लहान-मोठ्या दाण्याचा फरक तिथेच ठरतो.