‘ईव्ही टायर’ आणि कमी रोलिंग रेझिस्टन्सचा टायर : किट बसवलेल्या गाडीला कोणता?

पेट्रोल गाडीत इलेक्ट्रिक किट बसवून घेतल्यानंतर टायरची चौकशी सुरू झाली की ‘ईव्ही टायर’ आणि ‘कमी रोलिंग रेझिस्टन्सचा टायर’ ही दोन नावे सर्रास एकाच अर्थाने वापरली जातात. वास्तविक पहिले नाव टायर कोणत्या गाडीसाठी घडवला आहे हे सांगते, तर दुसरे तो फिरताना किती ऊर्जा खातो हे.

रस्त्याला टेकणारा टायरचा भाग प्रत्येक फेरीत दबतो आणि पुन्हा मूळ आकारात येतो; दबण्यात गेलेली सगळी ऊर्जा मात्र रबर परत देत नाही, काही भाग उष्णता होऊन वाया जातो. ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला लागणाऱ्या खाचांच्या थराच्या, रबरात कार्बन ब्लॅक या काजळीसारख्या पुडीऐवजी बऱ्याच अंशी सिलिका वापरली की ही गळती कमी होते. युरोपीय लेबलवर कारच्या टायरला ‘ए’ श्रेणी मिळण्यासाठी ही गळती, म्हणजेच रोलिंग रेझिस्टन्स, टायरवरच्या दर टन भारामागे ६.५ किलो बलापर्यंतच असावा लागतो. १,२०० किलोच्या गाडीत टनामागे १० किलोचा टायर काढून ७ किलोचा घातला, तर किलोमीटरमागे सुमारे १० वॉट-तास वाचतात. गाडी किलोमीटरला १२० वॉट-तास घेत असेल आणि बॅटरीतून १५ किलोवॉट-तास वापरता येत असतील, तर १२५ किलोमीटरची रेंज १३६ च्या आसपास जाते. किटच्या लहान बॅटरीला हा फरक मोठाच म्हणायचा.

ईव्ही टायर घडवताना बॅटरीचे वजन, मोटरचा तत्काळ मिळणारा टॉर्क आणि इंजिनाचा आवाज नसल्याने जाणवणारी टायरची घरघर यांचाही विचार केलेला असतो. ही घरघर दाबण्यासाठी काही टायरांत आतून फोम चिकटवतात. रोलिंग रेझिस्टन्स त्यात बहुधा कमी ठेवलेला असतो, पण नुसत्या ‘ईव्ही’ या शिक्क्याने त्याची हमी मिळत नाही. शिवाय हे टायर मुख्यतः मोठ्या रिमच्या, जड गाड्यांच्या मापांत येतात. त्यांच्यासाठी जुन्या हॅचबॅकची रिम बदलून रुंद टायर घालणे मला तरी उलटा व्यवहार वाटतो.

अशा गाडीला मूळ मापाचाच, कमी रोलिंग रेझिस्टन्सचा टायर घ्यावा. मात्र त्याआधी वजनकाट्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांवरचा भार वेगवेगळा मोजावा, कारण इंजिन पुढून निघते आणि बॅटरी पुष्कळदा डिकीत बसते. टायरवर ‘१६५/८० आर१४ ८५टी’ असे छापलेले असेल, तर त्यातला ८५ हा लोड इंडेक्स, म्हणजे पूर्ण हवेवर एका टायरला जास्तीत जास्त ५१५ किलो भार. प्रवासी आणि सामानासह मागचा भार या मर्यादेच्या जवळ जात असेल, तर त्याच मापातला जास्त लोड इंडेक्सचा टायर शोधावा आणि हवेचा दाब नव्या भाराप्रमाणे ठरवून घ्यावा. ओल्या रस्त्यावरची पकड लेबलवर वेगळी दिलेली असते. कोकणात किंवा घाटात पावसाळाभर गाडी चालवणाऱ्याने ती श्रेणी आधी पाहावी.

तुलना करताना एक गोष्ट हमखास निसटते. ट्रेड झिजत जातो तसा रोलिंग रेझिस्टन्सही घटतो, म्हणून गुळगुळीत झालेले जुने टायर काढून नवे चांगले टायर घातल्यावर रेंज सुरुवातीला थोडी कमी दिसू शकते.