सीए आहात, टीएमध्येही आहात. लोकसभेचा अर्ज कसा भराल?

टेरिटोरियल आर्मीत (टीए), म्हणजे नोकरी-व्यवसाय सांभाळून सेवा देणाऱ्यांच्या प्रादेशिक सेनेत असलेल्या माणसाला लोकसभा लढवताना पहिली धास्ती गणवेशाची वाटते. ती सोडा. सरकारकडे लाभाचे पद असेल तर खासदारकीला अपात्र ठरवणारा संविधानाचा अनुच्छेद १०२ आड येतो हे खरे, पण १९५९ च्या संसद अनर्हता प्रतिबंध कायद्याने प्रादेशिक सेनेच्या सदस्यांना त्यातून सूट दिली आहे. सचिन पायलट २०१२ मध्ये आणि अनुराग ठाकूर २०१६ मध्ये खासदार असतानाच टीएचे अधिकारी झाले. खासदारकी शाबूत राहिली.

घात होतो तो सीएच्या ऑफिसच्या टेबलावर. गुरुगोविंद बसू हे चार्टर्ड अकाउंटंट १९६२ मध्ये पश्चिम बंगालच्या बर्दवानमधून लोकसभेवर निवडून आले. त्यांची फर्म दुर्गापूर प्रोजेक्ट्स आणि हिंदुस्तान स्टील या सरकारी कंपन्यांचे ऑडिट करत होती. फी कंपनी देते, सरकार नव्हे, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. नेमणूक आणि उचलबांगडी सरकारच्या हाती, म्हणून ते लाभाचे पद ठरले आणि निवडणूक रद्द झाली. आज सरकारी कंपनीचा ऑडिटर कॅग, म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, नेमतात. तुमच्याकडे किंवा तुमच्या भागीदारी फर्मकडे असे काम असेल, तर अर्ज भरण्याआधीच राजीनामा द्या, एडीटी-३ हा ऑडिटरच्या राजीनाम्याचा फॉर्म भरा आणि पोच जपून ठेवा. छाननीच्या दिवशी ते पद अंगावर नको.

बाकी अटी सगळ्यांना सारख्या. वय किमान २५, आणि देशातल्या कुठल्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत नाव. दुसऱ्या मतदारसंघातून लढत असाल तर यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडा. नमुना २अ मधला अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायचा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (नाव सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा लागतात. तुम्ही पक्षाचे अधिकृत उमेदवार आहात हे सांगणारे पक्षाचे ए आणि बी फॉर्म शेवटच्या दिवशी ३ च्या आत पोचलेच पाहिजेत. अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२,५००.

नमुना २६ चे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करायचे. त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्जे, पाच वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे, जोडीदार आणि अवलंबितांसह सगळे येते. एकही रकाना कोरा नको. सांगण्यासारखे काही नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा. संविधानाशी निष्ठेची शपथ वेगळी; ती अर्ज दिल्यानंतर, पण छाननीच्या तारखेआधी घ्यायची. अर्ज भरून झाला या आनंदात ही शपथ राहून जाते.

गणवेशाची सूट पदापुरती आहे, प्रचारापुरती नाही. सेवेवर बोलावलेले असताना लष्करी कायदा लागू होतो आणि राजकारण बंद. पोस्टरवरही जवानांचे किंवा लष्करी कार्यक्रमांचे फोटो नकोत, निवडणूक आयोगाची तशी सूचना आहे. वर्दीतला फोटो कितीही देखणा असला तरी तो घरच्या भिंतीवरच राहू द्या.

निवडणूक खर्चाचे वेगळे बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा. खर्चमर्यादा महाराष्ट्रात ९५ लाख, गोव्यात ७५ लाख. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा. सबळ कारणाशिवाय तो चुकला तर तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते, आणि सीएने हिशेबात चुकावे यासारखी दुसरी शोभा नाही.