बीजीपी: सांगोवांगीवर चालणारा रस्ता

इंटरनेट म्हणजे हजारो नेटवर्कांची जोडणी, आणि कोणतं ठिकाण कोणत्या वाटेने गाठायचं हे ती एकमेकांना ज्या नियमांनी (प्रोटोकॉलने) सांगतात तो बीजीपी. त्याच्या आधी ईजीपी होता. १९८२ मध्ये आखलेल्या या प्रोटोकॉलने इंटरनेट झाडासारखं धरलं होतं: मधोमध अर्पानेट या सुरुवातीच्या अमेरिकी नेटवर्कचं खोड, बाकी सगळ्या फांद्या. अमुक नेटवर्क माझ्यामार्फत गाठता येतं, एवढंच फांदीने खोडाला सांगायचं. कोणत्या वाटेने, हे सांगायची सोयच नव्हती. पुढे एनएसएफनेट हे दुसरं अमेरिकी नेटवर्क उभं राहिलं, नेटवर्क एकमेकांना आडवी जोडली जाऊ लागली आणि झाडाचं जाळं झालं. आता एकाने सांगितलेला मार्ग फिरून त्याच्याच दारात येऊ शकत होता, आणि मग पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, गोल गोल फिरत राहणार.

जानेवारी १९८९ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफची बैठक होती. तिथे जेवणाच्या टेबलावर सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी कागदी नॅपकिनवर नवा आराखडा खरडला. जूनमध्ये तो आरएफसी ११०५ या तांत्रिक दस्तऐवजात आला: बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, म्हणजेच बीजीपी.

त्यातली मूळ कल्पना मला आजही फार देखणी वाटते. प्रत्येक स्वतंत्र नेटवर्कला (एएसला) ओळखीचा एक एएस क्रमांक असतो आणि मार्ग पुढे सांगताना जो तो आपला क्रमांक त्याला जोडतो. समजा, ६४५०० ने आपल्याकडचे इंटरनेट पत्ते जाहीर केले. शेजाऱ्याने ते पुढे सांगितले की वाट होते '६४५०१ ६४५००', त्याच्या पुढच्याने सांगितले की '६४५०२ ६४५०१ ६४५००'. हीच घोषणा फिरून ६४५०१ कडे आली, तर त्याला यादीत स्वतःचा क्रमांक दिसतो आणि तो ती टाकून देतो. चक्राचा प्रश्न मिटला.

एकाच ठिकाणच्या अनेक वाटा आल्या, तर राउटर (नेटवर्कमधलं वाट ठरवणारं यंत्र) सगळ्यात जवळची घेतो असा समज आहे. तसं नाही. आधी 'लोकल प्रेफरन्स' पाहिला जातो, म्हणजे त्या नेटवर्कच्या चालकाची पसंती. ती बहुधा पैशावर ठरते: पैसे देणाऱ्या ग्राहकाकडची वाट पहिली, बरोबरीच्या पीअरची, म्हणजे पैसे न घेता वाहतूक देवघेव करणाऱ्या नेटवर्कची, नंतर, ज्याला आपण पैसे मोजतो त्याची शेवटी. तिथे बरोबरी झाली तरच वाटेतले क्रमांक मोजून कमी क्रमांकांची वाट घेतात. गर्दी किंवा वेग बीजीपीला दिसतच नाही.

१९९४ मध्ये बीजीपीची चौथी आवृत्ती आली, एप्रिल १९९५ मध्ये एनएसएफनेटचा कणा, म्हणजे मधला मुख्य दुवा, बंद झाला आणि खोड उरलंच नाही. पण सांगणाऱ्याचे पत्ते खरंच त्याचे आहेत का, हे तपासायची तरतूद मूळ आराखड्यात नव्हती. २४ फेब्रुवारी २००८ ला त्याची किंमत कळली. यूट्यूब १०२४ पत्त्यांचा पट्टा जाहीर करत होतं. देशात यूट्यूब अडवण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने त्यातलाच २५६ पत्त्यांचा तुकडा आपला म्हणून जाहीर केला आणि ती घोषणा देशाबाहेर पडली. राउटर नेहमी जास्त नेमका, म्हणजे लहान तुकडाच उचलतात. दोनेक तास जगभरातली यूट्यूबची वाहतूक पाकिस्तानकडे वळली. यूट्यूबला शेवटी १२८ पत्त्यांचे आणखी लहान तुकडे जाहीर करावे लागले.

यावर उपाय म्हणून आरपीकेआय या पडताळणी व्यवस्थेची चौकट २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. कोणते पत्ते कोणत्या एएसने जाहीर करायचे, याची डिजिटल सहीनिशी नोंद तिच्यात असते. पण तपासणी होते ती फक्त उगमाची. मधले क्रमांक खरे आहेत का, यासाठी २०१७ मध्ये बीजीपीसेकचं मानक आलं. मात्र त्यात वाटेतल्या प्रत्येक नेटवर्कने सही करावी लागते, आणि म्हणूनच ते अजून फारसं कुणी वापरत नाही.