बाप्टिस्टांचं जुनं भांडण: युनियन सांभाळायची की शिकवण?

अमेरिकेतल्या सदर्न बाप्टिस्टांच्या (बाप्टिस्ट हा प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ) भांडणाच्या बातम्या वाचून बऱ्याच जणांना वाटतं की हे आत्ताचं राजकारण आहे, पण हे भांडण फार जुनं आहे आणि मागचं माहीत नसलं की दोन्हीकडची माणसं नुसतीच हट्टी वाटतात.

मुळात बाप्टिस्टांमध्ये बिशप नसतो, प्रत्येक मंडळी, म्हणजे एका ठिकाणचं चर्च, स्वतंत्र, पाळक (चर्चचा धर्मगुरू) नेमणार तीच आणि काढणार पण तीच. मग एकत्र आले कशासाठी तर कामासाठी. १७९२ ला इंग्लंडात केटरिंगला मिशनरी सोसायटी निघाली, तिनेच विल्यम कॅरीला बंगालमध्ये पाठवलं, म्हणजे १८०५ ला श्रीरामपूरहून मराठीचं व्याकरण काढलं तोच कॅरी. पुढे १८१३ ला बाप्टिस्ट युनियन, म्हणजे तिथल्या मंडळ्यांची संघटना, झाली तेव्हा कॅल्विनच्या वळणाच्या, म्हणजे ख्रिस्त देवाने निवडलेल्यांसाठीच मेला असं मानणाऱ्या मतांची यादी होती, पण १८३२ ला ती काढून टाकली, कारण ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला असं मानणाऱ्या जनरल बाप्टिस्टांनाही आत घ्यायचं होतं. हळूहळू अट उरली ती एवढीच की बाप्तिस्मा विश्वास ठेवणाऱ्याचाच आणि तोही पाण्यात बुडवून.

याचा फटका १८८७ मध्ये बसला. लंडनच्या मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकलचे पाळक चार्ल्स स्पर्जन, त्या काळचं सगळ्यात मोठं नाव, आपल्या मासिकातून लिहायला लागले की काही पाळक बायबलची प्रेरणा, ख्रिस्ताने माणसांच्या पापांसाठी केलेलं प्रायश्चित्त, नरक याबद्दल भलतंच शिकवतायत आणि युनियन गप्प आहे, आणि ऑक्टोबरमध्ये ते बाहेरच पडले. युनियनचं कौन्सिल म्हणालं नावं सांगा, त्यांनी सांगितली नाहीत, मग जानेवारी १८८८ मध्ये कौन्सिलने त्यांच्याविरुद्ध निषेधाचा ठराव केला. पुरावा न देता एवढा मोठा आरोप करणं चूकच असं मलाही वाटतं. पण त्यांचा मुख्य मुद्दा बिनतोड होता, मतांगीकारच (काय मानायचं याची लेखी यादी) नाही तर कोणी चुकलं हे ठरवणार कशावरून? एप्रिलमध्ये सिटी टेंपलला सभा झाली, दोन्ही बाजूंना आपापला अर्थ काढता येईल असं निवेदन पुढे आलं आणि २,००० विरुद्ध ७ मतांनी पास झालं. त्याला अनुमोदन दिलं स्पर्जनच्या सख्ख्या भावाने, जेम्सने, जो टॅबरनॅकलमध्ये त्यांचाच सहपाळक होता. हे वाचताना दरवेळी वाईट वाटतं. स्पर्जन परत गेले नाहीत, १८९२ ला वारले.

अमेरिकेत गोष्ट उलट्या बाजूने घडली. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन, म्हणजे तिथल्या दक्षिणेकडच्या मंडळ्यांची संघटना, १८४५ ला गुलामगिरीच्या प्रश्नावर फुटून निघालेलं, शिकवणीच्या नाही. १९२५ ला मेंफिसच्या एकाच अधिवेशनात त्यांनी दोन गोष्टी मंजूर केल्या, पहिला विश्वासाचा जाहीरनामा आणि सगळ्या मंडळ्यांचा पैसा एकत्र करून मिशन आणि सेमिनऱ्या (पाळक तयार करणारी कॉलेजं) चालवायची योजना. त्या योजनेला पैसे देणं म्हणजेच निष्ठा असं समीकरण पुढे पक्कं झालं, आणि सेमिनरीत कोणी उत्पत्तीच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकाबद्दल वेगळं शिकवलं की लोक विचारायचे, आमच्या पैशाने हे का शिकवता?

हे बदलायची वाट ओळखली जुनी शिकवण राखू पाहणाऱ्या गटाच्या न्यायाधीश पॉल प्रेसलर आणि पेज पॅटरसन यांनी. कन्व्हेन्शनचा अध्यक्ष समिती नेमतो, ती दुसरी समिती सुचवते, ती विश्वस्त सुचवते आणि विश्वस्तांच्या हातात सेमिनरी, म्हणजे दहाएक वर्षं आपला अध्यक्ष निवडून आणला की काम झालं. १९७९ ला ह्यूस्टनला त्यांच्या बाजूचे एड्रियन रॉजर्स अध्यक्ष म्हणून निवडून आले, १९८५ ला डॅलसला तर मतदानासाठी ४५,००० च्या वर प्रतिनिधी जमले. १९९१ ला हरलेल्या बाजूच्या मंडळ्यांनी कोऑपरेटिव्ह बाप्टिस्ट फेलोशिप काढली. १९९४ ला साउथवेस्टर्न सेमिनरीचे अध्यक्ष रसेल डिल्डे यांना विश्वस्तांनी काढलं आणि लगेच त्यांच्या ऑफिसची कुलुपं बदलली. शिकवणीची काळजी मला खरीच वाटते, पण इतकी वर्षं सोबत काम केलेल्या माणसाशी असं वागायला नको होतं.

२००० ला जाहीरनामा बदलून पाळकाचं पद पुरुषांपुरतं ठेवलं, मग परदेशातल्या मिशनऱ्यांना त्याला लेखी संमती द्यायला सांगितली, काहींनी नकार दिला आणि काम सोडलं. २०२३ ला न्यू ऑर्लिन्सला प्रतिनिधींनी कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक या अवाढव्य मंडळीला बाई पाळक असल्यावरून बाहेर ठेवायचं कायम केलं. मंडळीची इमारत, पाळक, पैसा सगळं तिचं तिच्याकडेच राहिलं, कारण ते कधी कन्व्हेन्शनचं नव्हतंच.