घरगुती मत्स्यालय (कमी खर्चातले)

घरात मासे पाळण्यासाठी मांडलेली, पाणी गाळण्याची व हवा देण्याची सोय असलेली काचेची टाकी. बोलीत ‘फिश टँक’. टाकीत पाणी भरले आणि मासे सोडले की मत्स्यालय झाले, असा समज सर्रास आढळतो. नव्या टाकीतले मासे थोड्याच दिवसांत दगावतात ते बहुधा यामुळेच. पैसे कमी असतील तर चालते, पण सबुरी आणि पाण्याची तपासणी यांत काटकसर चालत नाही.

काचेच्या भांड्यात पाण्याचा समतोल टिकवता येतो, हे इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मांडले. त्यांच्या भांड्यात गोल्डफिश, पाणवनस्पती आणि सडकी पाने खाणाऱ्या गोगलगायी होत्या. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चे.

स्वस्त म्हणून गोल बरणी घेणे हा सर्वांत महाग पर्याय ठरतो. थोडे पाणी लवकर बिघडते, लवकर तापते. २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच टाकीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते आणि नवख्याला ती सांभाळायला सोपी जाते. काच आणि खडी धरून वजन ६० किलोच्या वर जाते, म्हणून खाली भक्कम टेबल हवे आणि टाकीखाली थर्माकोलचा पत्रा हवा. थर्माकोल बारीक उंचवटे सामावून घेतो, त्यामुळे तळाची काच तडकत नाही.

जुनी टाकी अर्ध्या किमतीत मिळाली तर जरूर घ्यावी, मात्र गळती तपासूनच. मोरीत किंवा गच्चीवर सपाट जागी वर्तमानपत्र पसरून त्यावर टाकी ठेवावी. आधी तिसरा हिस्सा भरून तासभर थांबावे, मग काठोकाठ भरून किमान २४ तास तशीच राहू द्यावी. कोरडे बोट प्रत्येक सांध्यावरून फिरवावे. बोटाला न कळणारा पाझर कागदावर ओल्या डागाने दिसतो. भरलेली टाकी कधीही उचलू नये. सांधा गळत असेल तर काचा जोडणारे जुने सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडून काढावे लागते, कारण जुन्या सिलिकॉनवर नवे धरत नाही. बुरशीनाशक मिसळलेले सिलिकॉन माशांना घातक असते; साधे, लावताना व्हिनेगरसारखा वास येणारे घ्यावे आणि वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नये.

खडी बांधकामाच्या ढिगातली चालते. पाणी निवळेपर्यंत धुवावी आणि मूठभर खड्यांवर व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, तो पाणी जड (क्षारयुक्त) करतो. गाळणीसाठी एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरतो. मुंबई-कोकणात हीटर लागत नाही म्हटले तरी चालेल. नाशिक-पुण्याच्या थंडीत लागतो.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतो. पाण्यातला क्लोरीन पाहायला गावोगावी जी ओटी टेस्ट होते, थेंब टाकल्यावर पाणी पिवळे होते ती, तीच इथेही उपयोगी पडते. एअर पंप लावून पाणी दिवसभर ठेवले की पिवळा रंग येईनासा होतो. तपासलेले पाणी मात्र टाकीत परत ओतू नये. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसला तरी ते बहुधा जड असते. गप्पी आणि मॉलीला ते मानवते, निऑन टेट्राला नाही.

खरा कस पुढे आहे. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. स्पंजवर आणि खडीवर वस्ती करतात आणि ती वस्ती जमायला ४ ते ६ आठवडे लागतात. लोणचे मुरावे तशी टाकी मुरावी लागते. तोवर मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकत राहावे. ओळखीच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर काम निम्म्या दिवसांत होते, तेही फुकट.

या काळात पैसे घालायचे असतील तर अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याच्या थेंब-किटवर घालावेत. बहुतेक किटमध्ये अमोनिया असला की नळीतला पिवळा रंग हिरवा होतो. आधी अमोनिया चढतो, मग उतरतो. पाठोपाठ नायट्राइट चढून उतरते. खाद्य चालू असताना दोन्ही शून्यावर आली की टाकी तयार. पीएचही (पाण्याच्या आम्लतेचा आकडा) पाहावा, कारण ७ ऐवजी ८ पीएच असेल तर तेवढ्याच अमोनियाचा विषारी भाग सुमारे दसपट होतो.

सुरुवातीला ६ नर गप्पी पुरेत. माद्या घेतल्या तर महिन्याभरात पिल्ले होतात. डासांच्या अळ्या खातात म्हणून हिवताप विभाग गप्पी मासे वाटतो, तेही घेता येतात. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे आणि स्पंज टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात पिळावा; नळाखाली धुतला तर जिवाणू मरतात. लाइट गेली की स्पंजचा प्रवाह थांबतो आणि त्या जिवाणूंना प्राणवायू मिळेनासा होतो, म्हणून बॅटरीवरचा छोटा पंप घरात असावा. टाकीत न मावणारे मासे दुकानदाराला परत द्यावेत. असेच सोडून दिलेले सकर (काचेला तोंडाने चिकटून शेवाळ खाणारे) मासे आज भारतातल्या अनेक नद्या-तलावांत वाढले आहेत आणि जाळी फाडून मच्छीमारांचे नुकसान करत आहेत.