केशरी कार्ड आहे, मग धान्य का नाही?

रेशन दुकानदार कार्ड उलटंपालटं करतो आणि सांगतो, "मावशी, हे नुसतं केशरी आहे, यावर धान्य नाही." सोलापूरच्या पूर्व भागात हे वाक्य नवं नाही. वर्षाला 15 हजार ते 1 लाख उत्पन्न असलं की केशरी कार्ड मिळतं. पण 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याचं धान्य मिळायला 'प्राधान्य कुटुंब' यादीत नाव लागतं. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा शहरात 59 हजार, ग्रामीण भागात 44 हजार. शहरातसुद्धा महिन्याला पाच हजारांच्या आतच! घरभाडं भरणाऱ्याला हसू येईल, पण दाखला याच आकड्याला लावून बघतात.

यादीत आलात की माणशी 5 किलो. अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबांचं कार्ड असेल तर घरात माणसं कितीही असोत, 35 किलो. 2023 च्या जानेवारीपासून हे धान्य मोफत आहे.

अर्ज शहरात अन्नधान्य वितरण कार्यालयात, तालुक्यात तहसीलच्या पुरवठा शाखेत. कुंभारीच्या गोदूताई घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्यांचं येणं-जाणं शहरात असलं तरी तहसील दक्षिण सोलापूर, हे विसरू नका. सोबत उत्पन्नाचा दाखला, सगळ्यांची आधार कार्डं, वीजबिल किंवा भाडेकरार, आणि कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या थोरल्या बाईचा फोटो. सून कलबुर्गी-विजयपूरकडची असेल तर माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आधी आणा. एक नाव दोन कार्डांवर चालत नाही आणि बरेच अर्ज इथेच अडकतात. यादीचा इष्टांक, म्हणजे किती जणांना घ्यायचं तो आकडा, ठरलेला असतो, तो भरलेला असेल तर थांबावं लागतं. म्हणून अर्जाची पोच जपा.

पुढची अडचण धान्य घेताना दुकानातल्या मशीनवर लावायच्या अंगठ्याची. वर्षानुवर्षं पानं कातरून, तंबाखू चोळून विडी वळणाऱ्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा पुसट होतात. मशीन तीनदा नाही म्हणतं, मागची रांग कुरकुरते. बोटं धुऊन, कोरडी करून दुसरं बोट लावून बघा. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, तेवढ्यासाठी राहिलं असेल तर 'मेरा ई-केवायसी' अ‍ॅपवर चेहरा दाखवूनही होतं, त्यासाठी आधारला मोबाईल नंबर जोडलेला हवा. ते राहिलं तर त्या माणसाचं धान्य थांबू शकतं.

अंगठा लागला की मशीनमधून पावती निघते. ती मागून घ्या, किलो मोजून घ्या. फरक आढळला तर 1967 वर फोन करा, कार्डाचा 12 आकडी नंबर हाताशी ठेवून.