कुऱ्हाड चालली तिथेच जंगल राहिले

ग्वाटेमालाच्या उत्तरेला पेतेनच्या वर्षावनात गावकरी महोगनी तोडून विकतात, तीही सरकारशी रीतसर करार करून. त्याच जंगलातले लागुना देल तीग्रे राष्ट्रीय उद्यान कागदोपत्री पूर्ण संरक्षित. ते मात्र वणव्यांनी आणि गुरांच्या कुरणांनी पोखरले आहे. हा उफराटा प्रकार समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे माणसे आली ती चिकासाठी. आपण चिकू खातो त्याच झाडाच्या सालीवर तिरप्या खाचा पाडायच्या, ओघळणारा चीक गोळा करायचा, कढवून त्याचे ठोकळे करायचे. अमेरिकेतल्या च्युइंगगमच्या कारखान्यांना तो लागे. कार्मेलिता हे गाव अशाच एका तळातून वसले. दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम गम आला आणि धंदा बसला. झाड उभे ठेवून पोट भरण्याची रीत मात्र या गावांच्या अंगवळणी पडलेली होती.

१९५९ पासून पेतेनचा कारभार फिदेप या सरकारी यंत्रणेकडे गेला. तिने महोगनीचे ठेके कंपन्यांना दिले आणि दक्षिणेतून शेतकरी आणून वसवले. कंपन्या निवडक खोडे नेत, पण त्यांनी पाडलेल्या रस्त्यांवरून पाठोपाठ शेती आणि गुरे आत शिरत. माझ्या मते करवतीपेक्षा या रस्त्यांनीच जास्त घात केला.

१९९० मध्ये सुमारे २१ लाख हेक्टरांचे माया जीवावरण राखीव क्षेत्र जाहीर झाले. आत राहणारे लोक रातोरात बेकायदा ठरू लागले आणि ठिणगी पडली. तडजोड म्हणून क्षेत्राच्या बहुउपयोगी पट्ट्यात, म्हणजे मर्यादित वापराला मुभा असलेल्या भागात, गावांना २५ वर्षांचे करार देण्याचे ठरले. पहिला १९९४ मध्ये सान मिगेल या गावाला मिळाला, १९९७ मध्ये कार्मेलिताला. (आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला स्वतःचा बांबू विकायला २०११ उजाडावे लागले.) मधल्या काळात, १९९६ मध्ये, यादवी संपवणारा शांतता करार झाला, त्यातल्या जमीनवाटपाच्या आश्वासनामुळे या करारांना वेग आला.

अट कडक होती: तीन वर्षांत एफएससी प्रमाणपत्र, म्हणजे जंगल जबाबदारीने वापरल्याची आंतरराष्ट्रीय पावती, मिळवायचे. त्यासाठी दरवर्षी जंगलाचा एकच तुकडा तोडीला घेतात. त्यातली मोठी झाडे आधी मोजून नकाशावर मांडतात, छातीच्या उंचीवर व्यास बघतात, बियांसाठी काही जाणून राखतात. हेक्टरी जेमतेम एखाद-दोन झाडे पडतात आणि तो तुकडा पुढे काही दशके कुऱ्हाडीला बंद. शिवाय फुलांच्या सजावटीसाठी परदेशी जाणारी शाते ताडाची पाने आहेतच.

सगळीकडे जमले असे नाही. पहिला करार मिळालेल्या सान मिगेलमध्येच गुराढोरांचा धंदा शिरला आणि करार रद्द झाला. दुसरीकडे २००२ मध्ये सरकारने एल मिरादोरच्या प्राचीन अवशेषांभोवतीचे संरक्षित क्षेत्र वाढवून लाकूडतोडीवर गदा आणली. गावांच्या आकोफोप या महासंघाने लढा दिला आणि २००५ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. कार्मेलिताचा करार २०१९ मध्ये मुदतीआधीच आणखी २५ वर्षांसाठी वाढवून मिळाला. जमिनीची मालकी मात्र आजही सरकारचीच आहे.